फ्रान्सच्या ग्रामीण भागातील सायकल-पर्यटन मार्ग

फ्रान्समधील नद्यांचे काठ, जुने कालवे, द्राक्षमळे आणि डोंगराळ मुलूख यांमधून मुक्काम करत सायकलने फिरण्यासाठी आखलेल्या किंवा वहिवाटीने रूढ झालेल्या मार्गांचे जाळे. यातले काही मार्ग शे-सव्वाशे किलोमीटरचे आहेत, तर काही हजाराच्या पुढे जातात. फ्रान्स आणि सायकल म्हटले की १९०३ साली सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत चटकन आठवते. त्या देशातली सायकल-सहलीची परंपरा मात्र या शर्यतीहून जुनी आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जाणारी कुटुंबे, निवृत्त जोडपी आणि विद्यार्थी उन्हाळ्यात या वाटांवर सर्रास दिसतात.

या मार्गांचा फारच थोडा भाग मुळात सायकलसाठी बांधला गेला. कुठे घोड्यांनी बोटी ओढाव्यात म्हणून कालव्याकाठी केलेली वाट आहे, कुठे पूर अडवण्यासाठी नदीला घातलेला बांध, कुठे उखडलेल्या रुळांची जागा, तर कुठे शेतमाल बाजाराला नेण्यासाठी गावांनी राखलेला रस्ता. सायकलस्वाराला तिथे जे सुख मिळते ते याच इतिहासातून आलेले आहे. त्यामुळे नुसती दृश्ये पाहण्यापेक्षा पायाखालची वाट कशी घडली हे समजून घेतले, तर हा प्रवास अधिक उमगतो.

मार्गांची घडण

१८३६ च्या कायद्याने फ्रान्समधल्या प्रत्येक गावावर आपल्या हद्दीतले रस्ते राखण्याची जबाबदारी आली. त्यासाठी गावकऱ्यांनी पैसे द्यायचे किंवा ठरावीक दिवस अंगमेहनत करायची, अशी तरतूद होती. यातून गाव ते गाव, वाडी ते वाडी जोडणारे दाट जाळे तयार झाले. आज मोटारींची मुख्य वाहतूक राष्ट्रीय रस्त्यांवर आणि द्रुतगती मार्गांवर गेली आहे. हे छोटे रस्ते डांबरी आहेत, बऱ्यापैकी गुळगुळीत आहेत आणि बराचसा वेळ रिकामे असतात. मिशलँ या टायर कंपनीच्या १ : २,००,००० प्रमाणाच्या नकाशांवर लहान रस्ते पांढऱ्या रंगात असतात आणि निसर्गरम्य रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते. नकाशा उलगडून पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवत दिवसाचा रस्ता ठरवण्याची रीत फ्रेंच सायकलस्वारांमध्ये जुनी आहे, आणि खुणेच्या पाट्या लावलेल्या मार्गांपलीकडचा फ्रान्स पाहायचा तर ती आजही सर्वांत भरवशाची आहे.

दुसरा मोठा वारसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या १८७९ च्या योजनेतून आडबाजूच्या तालुक्यांपर्यंत लोहमार्ग पोहोचवायचे ठरले आणि कालव्यांचे लॉक, म्हणजे बोटी वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे, एकाच मापाचे करण्यात आले. पुढे मोटारी आणि ट्रक आले, छोट्या लोहमार्गांना उतारू मिळेनात, आणि विसाव्या शतकात त्यांतले पुष्कळ बंद पडले. रूळ निघाले, तरी भराव, पूल, बोगदे आणि स्थानकांच्या इमारती तिथेच राहिल्या. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून डोंगराळ भागातही या मार्गांचा चढ अगदी सौम्य ठेवलेला आहे. लहान मूल किंवा सामानाने लादलेली सायकल तिथून दमछाक न होता जाते.

१९९८ साली फ्रेंच सरकारने सायकल मार्गांचा पहिला राष्ट्रीय आराखडा मंजूर केला. त्यात दोन प्रकार धरले जातात. ‘व्हेलोरूत’ हा लांब पल्ल्याचा, पाट्यांनी दाखवलेला मार्ग. त्यात कमी रहदारीचे साधे रस्तेही येतात. ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणजे मोटारींना पूर्ण बंदी असलेली वाट, जिच्यावर सायकलस्वार, पादचारी आणि काही ठिकाणी घोडेस्वार चालतात. वाहतूक नियमांत तिला २००४ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. नवख्या प्रवाशाची गल्लत इथेच होते. नकाशावरचा पूर्ण लांबीचा मार्ग मोटारींपासून मुक्त आहे असे तो धरून चालतो, आणि मधल्या एखाद्या टप्प्यावर ट्रॅक्टर व मोटारी भेटल्या की गोंधळतो.

व्हेलोसियो आणि सहलीची परंपरा

फ्रान्समध्ये सायकल-सहलीला वळण लावणारा माणूस म्हणजे सेंत-एत्येनचा पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०). ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने तो लिहीत असे. १८८७ मध्ये त्याने सायकलस्वारांसाठी नियतकालिक सुरू केले आणि हयातभर चालवले. सेंत-एत्येन हे खाणी आणि कारखान्यांचे डोंगरातले गाव. तिथून कुठेही निघायचे तर चढ आलाच. एकाच गिअरवर सामान्य माणसाला डोंगर चढता येत नाही, हे त्याने स्वतःच्या पायांनी अनुभवले होते. म्हणून चालत्या सायकलवर गिअर बदलण्याच्या यंत्रणेचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला. शर्यतींचे आयोजक बरीच वर्षे ही सोय कमकुवतांची मानत राहिले. ‘तूर द फ्रान्स’मध्ये डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. सहलीच्या सायकलस्वारांनी तो कितीतरी आधी आपलासा केला होता. सायकलच्या तांत्रिक प्रगतीचे श्रेय शर्यतींना देण्याची सवय आहे. या बाबतीत तरी ते हौशी प्रवाशांकडे जाते.

व्हेलोसियो शाकाहारी होता आणि दारू-तंबाखूपासून दूर राहत असे. थकण्याआधी थांबा, भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी पाणी प्या, आणि केवळ अभिमानापोटी पायडल मारू नका, हा त्याच्या उपदेशाचा गाभा. लांबच्या सायकलप्रवासाला निघणाऱ्याला आजही याहून चांगला सल्ला देता येत नाही.

१८९० मध्ये सायकलस्वारांनी ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ ही संस्था स्थापन केली. रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या बसवणे, गावांतल्या खाणावळी-मुक्कामांची स्वच्छता सुधारणे, निसर्गरम्य रस्त्यांचा आग्रह धरणे अशी कामे तिने केली. पुढे १९३६ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. तोवर सुट्टीतला प्रवास ही सुखवस्तूंची चैन होती. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबे आणि जोडपी सायकलींवर, दोघांनी चालवायच्या टँडमवर तंबू बांधून समुद्राकडे आणि खेड्यांकडे निघाली. फ्रान्सच्या सामूहिक स्मृतीत ती छायाचित्रे आजही ठळक आहेत.

ल्वार नदीचा मार्ग

सर्वांत प्रसिद्ध मार्ग ‘ल्वार आ व्हेलो’ हा होय. नव्हेर शहराजवळच्या क्युफीपासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या सें-ब्रेव्हँ-ले-पँपर्यंत तो सुमारे ९०० किलोमीटर जातो. त्याचा मोठा भाग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या युरोपीय मार्गात मोडतो. ल्वार ही हजाराहून अधिक किलोमीटर लांबीची, फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. तिच्या मधल्या पट्ट्याला, सुली-सुर-ल्वार ते शालोन या भागाला, २००० साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ऑर्लेआँ, ब्ल्वा, तूर, सोम्यूर, आँजे, नाँत ही शहरे ओळीने या वाटेवर किंवा तिच्या जवळ येतात. त्यामुळे चार दिवसांची सुट्टी असली तरी एखादा तुकडा करून आगगाडीने परतता येते.

शाँबोर, आंब्वाज, व्हिलांद्री हे वाडे आणि बागा पाहायला जगभरचे लोक येतात. आंब्वाजमध्येच लिओनार्दो द व्हिंचीने १५१९ मध्ये अखेरचा श्वास घेतला. पण सायकलवरून जाणाऱ्याचा खरा सोबती म्हणजे नदीचा बांध. मध्ययुगापासून ल्वारच्या पुराविरुद्ध मातीचे बांध घालण्यात आले आणि ते शतकानुशतके उंच करत नेले. बांधावरून जाताना एका हाताला वाळूची बेटे, उथळ पाणी आणि सपाट तळाच्या लाकडी नावा दिसतात, तर दुसऱ्या हाताला खाली भाजीमळे आणि घरांची कौले. नदी एवढी शांत दिसत असताना एवढा उंच बांध कशासाठी, असा प्रश्न पडतो. जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या आहेत. १८५६ च्या महापुराची खूण डोक्याच्या वर दिसली की उत्तर मिळते.

सोम्यूरच्या अलीकडे सूझे-शांपिन्यी या गावात वाट थेट कड्याच्या पोटात शिरते. इथला ‘तुफो’ हा पांढरा, मऊ चुनखडीचा दगड. वाडे आणि चर्च बांधायला तो काढला गेला आणि त्या खाणींतून उरलेल्या पोकळ्यांत लोकांनी घरे थाटली. दगडात कोरलेली खिडकी, चुलीचे धुराडे, बाहेर काढलेली पायरी हे सारे सायकल हाताने ढकलत नेताना अगदी जवळून दिसते. उन्हाळ्यातल्या दुपारीही आत गारवा असतो. अशाच गुहांत आज वाइनची कोठारे आहेत आणि अळिंबीची लागवड होते.

मार्गाच्या पूर्व टोकाकडे ब्रियार येथे १८९६ मध्ये सुरू झालेला ६६२ मीटर लांबीचा पूल आहे. या पुलावरून पाणी वाहते आणि खालूनही. नदीच्या पुराने बोटींची ये-जा अडू नये म्हणून कालवाच नदीवरून नेलेला आहे. पुलाचे दगडी काम गुस्ताव आयफेलच्या कंपनीने केले. दोन्ही कडांच्या पादचारी वाटेवरून सायकल नेताना बाजूने बोट सरकत जाते आणि खाली ल्वार दिसते.

बहुतेक लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे प्रवाहाबरोबर समुद्राकडे जातात. उतार मात्र जाणवण्याइतका नाही, आणि वारा बहुधा समुद्राकडूनच येतो. वाऱ्याचा त्रास नको असेल त्याने समुद्राकडून सुरुवात करावी, हे बरे.

मिदी कालवा

दक्षिणेकडचा मिदी कालवा हा या साऱ्या मार्गांतला सर्वांत देखणा आणि तितकाच खडतर. पिएर-पॉल रिके या करवसुली अधिकाऱ्याने १६६६ ते १६८१ या काळात तो बांधवून घेतला. तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत हा कालवा सुमारे २४० किलोमीटर जातो. रिके १६८० मध्ये, कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी वारला. आपली बहुतेक संपत्ती त्याने यात घातली होती. युनेस्कोच्या यादीत हा कालवा १९९६ मध्ये आला. तुलूझच्या वायव्येकडे गारोन नदीच्या बाजूचा कालवा जोडला की अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंतचा ‘दोन समुद्रांचा’ सायकल मार्ग तयार होतो.

रिकेपुढचा पेच पाण्याचा होता. कालव्याचा सर्वांत उंच बिंदू नोरूझ येथे, समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर आहे. तिथून दोन्ही बाजूंना पाणी उतरत जाते, म्हणजे वर सतत पाणी आणून ओतायला हवे. मोंतान्य न्वार या डोंगरातले ओढे अडवून, सें-फेरेओलचे धरण बांधून, चर काढून त्याने ते नोरूझला पोहोचवले. तुलूझपासून नोरूझपर्यंतच्या सुमारे ५० किलोमीटरमध्ये साठ मीटरही चढ नाही, आणि तोही एकदम लॉकपाशीच येतो. लॉक म्हणजे बोटीसाठी केलेली पाण्याची पायरी. सायकलला तिथे दहा-वीस मीटर लांबीचा छोटा चढ लागतो आणि मग वाट पुन्हा सपाट. इथले लॉक लंबगोल आहेत. सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या म्हणून रिकेने त्या बाहेर फुगवट्याच्या केल्या. लॉकशेजारच्या जुन्या घरावर बहुधा एक पाटी असते. तिच्यावर लॉकचे नाव आणि दोन्ही दिशांच्या पुढच्या लॉकपर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहिलेले असते. नावाड्यांसाठी लावलेली ही पाटी सायकलस्वारालाही तितकीच उपयोगी पडते.

तुलूझ सोडल्यावर पन्नासेक किलोमीटर वाट डांबरी आहे. पुढे ओद जिल्ह्यात ती बऱ्याच ठिकाणी खडी-मातीची, आणि काही ठिकाणी हातभर रुंदीची पायवाटच होते. काठावरच्या प्लातान वृक्षांची मुळे जमिनीतून वर आलेली असतात, एकामागून एक, गुडघ्यासारखी. सामानाच्या जड सायकलला तिथे धक्के बसतात आणि बारीक टायर टिकत नाहीत. पावसानंतर चिखल होतो. रुंद टायर घ्यावेत आणि दिवसाचे अंतर कमी धरावे. कारकासोनच्या अलीकडे-पलीकडे समांतर गावरस्ता धरणारेही पुष्कळ असतात.

प्लातान हे काश्मीरच्या चिनाराच्या कुळातले झाड. कालव्याच्या दुतर्फा अशी सुमारे ४२,००० झाडे होती. त्यांच्या सावलीने वाट थंड राहते, मुळांनी काठ धरून ठेवले जातात. २००६ मध्ये कालव्याकाठी एका बुरशीचा शिरकाव आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली असे मानतात. लागण झालेले झाड वाचत नाही. ते आणि त्याच्या शेजारची झाडे तोडून जाळावी लागतात. त्यामुळे कालव्याचे लांबच्या लांब पट्टे आज उघडे पडले आहेत. तिथे वेगवेगळ्या जातींची नवी झाडे लावली जात आहेत. जुन्या छायाचित्रांतला हिरवा बोगदा मनात धरून येणाऱ्याला हा पट्टा हेलावून टाकतो, आणि तो तसा पाहणेही गरजेचे आहे.

बर्गंडीतला जुना लोहमार्ग

पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात शालों-सुर-सोन आणि माकाँ यांच्यामधला, क्लुनीवरून जाणारा लोहमार्ग बंद पडल्यावर त्याच्या झिव्री ते क्लुनी या ४४ किलोमीटरच्या टप्प्यावर १९९७ मध्ये मोटारमुक्त वाट झाली. फ्रान्समधल्या अशा प्रकल्पांचा हा आरंभ मानला जातो. वाटेत द्राक्षमळे, रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीची छोटी चर्चेस, कोर्माताँचा वाडा आणि तेझे हे ख्रिस्ती प्रार्थनासमुदायाचे गाव लागते. क्लुनीचा मठ सन ९१० चा. एकेकाळी पश्चिम युरोपातला तो सर्वांत सामर्थ्यवान मठ होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो दगडांसाठी पाडला गेला आणि आज त्याचा छोटासा भाग उरला आहे.

क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा बोगदा आहे, लांबी सुमारे १,६०० मीटर. आत दिवे आहेत, पण बाहेरच्या उन्हातून शिरताना अंगावर काटा येईल एवढा गारठा जाणवतो. हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवतात, कारण त्या काळात वटवाघळे तिथे झोपतात. तेव्हा सायकलस्वाराला डोंगरावरची खिंड ओलांडावी लागते.

इतर मार्ग

वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या रोस्कोफपासून स्पेनच्या सीमेवरच्या आँदायपर्यंतचा ‘व्हेलोदिसे’ १,२०० किलोमीटरहून लांब आहे. त्यात नाँत–ब्रेस्त कालव्याचा शांत काठ आणि नैऋत्येची पाइन अरण्ये येतात. ‘व्हियारोना’ जिनीव्हा सरोवरापासून रोन नदीने भूमध्य समुद्रापर्यंत उतरतो. ‘व्हेलोसेनी’ पॅरिसहून मों-सें-मिशेलला जातो. आल्सासमध्ये द्राक्षमळ्यांतून जाणारा, तर प्रोव्हान्समध्ये ल्युबेरों डोंगराला वळसा घालणारा मार्ग आहे. ल्युबेरोंच्या वाटेवर रूसियों गावाजवळ गेरूच्या लाल-पिवळ्या कड्यांची ओळ दिसते.

या साऱ्यांपेक्षा वेगळा म्हणजे आल्प्समधला ‘रूत दे ग्रांद आल्प’. जिनीव्हा सरोवराकाठच्या तोनोंपासून भूमध्य किनाऱ्यावरच्या माँतोंपर्यंतचा हा डोंगरी रस्ता ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’च्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. २,७०० मीटरहून उंच इझराँ घाट १९३७ मध्ये खुला झाल्यावर तो पूर्ण झाला. बर्फामुळे उंच घाट साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच खुले असतात. सामान लादून हा रस्ता करायचा तर व्हेलोसियोचा लहान गिअरचा हट्ट किती रास्त होता ते पहिल्याच घाटात कळते.

वाटेवरचे व्यवहार

मे, जून आणि सप्टेंबर हे सर्वांत सोयीचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत ऊन कडक असते आणि मुक्काम भरलेले असतात. रोनच्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल हा जोरदार वारा वाहतो, तुलूझच्या बाजूला आग्नेयेकडून ओताँ हा वारा. यांच्या विरुद्ध जाताना चाळीस किलोमीटरही जड जातात.

खेड्यातले वेळापत्रक समजून घेतल्याशिवाय निभाव लागत नाही. दुपारी बारानंतर दोन-अडीच तास दुकाने बंद असतात. रविवारी दुपारी सगळे शांत, आणि सोमवारी पुष्कळ बेकऱ्यांना सुट्टी. म्हणून शनिवारी संध्याकाळीच पिशवीत पाव, चीज आणि फळे असलेली बरी. गावातल्या खाणावळीतले दुपारचे ठरावीक जेवण बहुधा मांसाहारी असते. शाकाहारी प्रवाशाने आठवडी बाजार आणि स्वतःची छोटी शेगडी यांवर भिस्त ठेवावी. पाणी हवे असेल तर फ्रेंच सायकलस्वार गावाची दफनभूमी शोधतात. फुलझाडांना घालण्यासाठी तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल, तर ते पाणी पिऊ नये.

मुक्कामासाठी गावाच्या पालिकेची तंबूची मैदाने स्वस्त आणि साधी असतात. ‘आकय व्हेलो’ हे चिन्ह लावलेल्या घरी किंवा हॉटेलात सायकल कुलपात ठेवायला जागा आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात. अशी ठिकाणे मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असावीत असा दंडक आहे. प्रादेशिक आगगाड्यांत बहुधा सायकल तशीच चढवता येते. वेगवान गाड्यांत आगाऊ जागा घ्यावी लागते किंवा सायकल सुटी करून पिशवीत भरावी लागते.

रस्त्यावर पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. वस्तीबाहेर मोटारीने सायकलला ओलांडताना दीड मीटर, वस्तीत एक मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. वस्तीबाहेर रात्री चमकणारे जाकीट हवे, आणि बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे.

महाराष्ट्राशी दुवा

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतून होणाऱ्या ‘ब्रेव्हे’ या ठरावीक वेळेतल्या लांब सायकल फेऱ्यांमुळे अनेक मराठी सायकलस्वार फ्रान्सच्या खेड्यांपर्यंत पोहोचले आहेत. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही १८९१ ची शर्यत १९३१ पासून हौशी सायकलस्वारांसाठीही खुली झाली आणि आज दर चार वर्षांनी होते. अंतर १,२०० किलोमीटर, कमाल वेळ ९० तास. त्यासाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. वाटेतल्या ब्रिटनीच्या गावांत लोक मध्यरात्रीही घराबाहेर टेबल मांडून कॉफी आणि क्रेप (पातळ धिरडी) घेऊन उभे असतात. २०१९ च्या फेरीत भारतातून गेलेल्यांची संख्या तीनशेच्या वर होती. त्यांतल्या अनेकांना वेळेत परतता आले नाही. ऑगस्टमधल्या थंड रात्री आणि ब्रिटनीतले न संपणारे छोटे चढ-उतार यांची तयारी आपल्याकडच्या उकाड्यात आणि सपाट महामार्गांवर होत नाही. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवरचा रात्रीचा सराव मात्र उपयोगी पडतो.